इंजिन पुढे की मागे? गाडीचा तोल ओळखणाऱ्या पत्रेकामगाराच्या पोराची गोष्ट

छत्रपती संभाजीनगर : बैलगाडी भरताना घरातला जाणता माणूस आधी एकच गोष्ट बघतो, भार कुठं पडतोय. माल मागं जास्त झाला की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं. पुढं जास्त झाला की सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं. हाच हिशोब एका माणसाने आयुष्यभर मोटारीत मांडला. त्यांचं नाव फर्डिनांड पोर्श. जालना रोडवरच्या शेंद्रा एमआयडीसीत स्कोडा आणि ऑडीच्या गाड्या तयार होतात. या दोन्ही कंपन्या ज्या फोक्सवॅगन समूहाच्या आहेत, त्या फोक्सवॅगनची पहिली गाडी पोर्श यांनीच आखली. त्यांच्या नावाची स्पोर्ट्स कार बनवणारी कंपनीही आज त्याच समूहात आहे. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला दीडशे वर्षे पूर्ण झाली.

डिग्री नाही, पण डोकं चालायचं

पोर्श यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ चा. गावाचं नाव माफर्सडोर्फ. तेव्हा हे गाव ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आता चेक प्रजासत्ताकात आहे. स्कोडा कंपनीही त्याच देशातली. वडील पत्र्याचं काम करायचे. थोरला भाऊ कामावरच्या अपघातात गेला, त्यामुळे वर्कशॉप फर्डिनांडने सांभाळावं अशी घरच्यांची इच्छा होती. पण पोराला विजेचं वेड लागलं होतं. दिवसभर वडिलांच्या हाताखाली काम करायचं आणि रात्रीच्या वर्गाला जायचं, असं त्याने केलं. १८९३ मध्ये त्याने स्वतःच्या घरात वीज खेळवली.

अठराव्या वर्षी तो व्हिएन्नाला एका विजेच्या कंपनीत लागला. इंजिनिअरिंगची पदवी त्याने कधी घेतली नाही. कॉलेजच्या वर्गात गुपचूप जाऊन बसायचं, ऐकायचं, एवढंच त्याचं शिक्षण. पुढे १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या त्याच तंत्रविद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात पोर्श यांची बॅटरीवर चालणारी गाडी लोकांनी पाहिली. मोटर थेट पुढच्या दोन चाकांत बसवलेली. गिअर नाही, शाफ्ट नाही, पट्टा नाही. आज आपल्याकडे इलेक्ट्रिक स्कूटर निघाल्यात, त्यातल्या काहींची मोटर चाकातच असते. ही युक्ती सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे.

पुढे ऑस्ट्रो-डाइम्लर, मग जर्मनीत डाइम्लर, अशा मोठ्या कंपन्यांत त्यांनी काम केलं. नुसतं कागदावर नाही, १९१० च्या प्रिन्स हाइनरिच स्पर्धेत स्वतः स्टिअरिंग धरून ते जिंकले. पण वरिष्ठांशी जमलं नाही की नोकरी सोडायची, हा स्वभाव. शेवटी १९३१ मध्ये श्टुटगार्टला त्यांनी स्वतःचं डिझाइन ऑफिस काढलं.

कावडीचा हिशोब

१९३४ मध्ये ऑटो युनियन कंपनीसाठी त्यांनी आखलेली रेसिंग गाडी मैदानात उतरली. सोळा सिलिंडरचं इंजिन, तेही चालकाच्या पाठीमागे पण मागच्या चाकांच्या पुढे. म्हणजे गाडीच्या मधोमध. त्या काळी बहुतेक रेसिंग गाड्यांचं इंजिन पुढं असायचं.

मधोमध का, हे कावडीवरून कळतं. दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी असल्या की कावड घेऊन वळायला वेळ लागतो, आणि एकदा वळायला लागली की थांबवायलाही जोर लागतो. तेच वजन अंगाजवळ धरलं तर माणूस जागच्या जागी वळतो. गाडीचंही तसंच. सगळ्यात जड वस्तू मध्ये असली की गाडी वळणावर पटकन आत शिरते.

पण ही गाडी सोपी नव्हती. ताकद प्रचंड, टायर अरुंद आणि मागची चाकं वळणावर आत-बाहेर झुकणारी. मागचा भाग कधी बाहेर फेकला जाईल सांगता यायचं नाही. मोटरसायकलच्या शर्यतीतून आलेल्या बेर्न्ट रोझेमायरला मात्र ती बरोबर कळली. १९३६ ला तो युरोपचा चॅम्पियन झाला. २८ जानेवारी १९३८ ला वेगाचा विक्रम करताना, ताशी ४०० किलोमीटरच्या वर असताना गाडी भरकटली आणि तो गेला. मधोमध इंजिनाचा विचार पुढे इंग्लंडच्या कूपर कंपनीने हलक्या गाडीत आणला आणि १९५९ ची जागतिक स्पर्धा जिंकली. आज फॉर्म्युला वनच्या सगळ्या गाड्या तशाच असतात.

लोकांची गाडी आणि काळी बाजू

१९३४ मध्येच हिटलरच्या सरकारने त्यांना स्वस्त गाडीचं काम दिलं. दोन मोठी माणसं, तीन लेकरं, ताशी १०० किलोमीटर वेग आणि किंमत हजार मार्कच्या आत. इथं इंजिन मधोमध ठेवलं तर लेकरं बसवायची कुठं? म्हणून ते गेलं पार मागे, मागच्या चाकांच्याही पलीकडे. लांब शाफ्ट वाचला, आत जागा झाली. भार चालत्या चाकांवर आल्यामुळे बर्फात, चिखलात, चढावर गाडी चाक धरायची. थंड करायला हवाच, पाणी गोठायची भीती नाही. मागे इंजिन ही कल्पना त्यांच्या एकट्याची नव्हती. टाट्रा कंपनीचे हान्स लेडविंकाही त्याच वाटेने चालले होते. या टाट्राचा आपल्या टाटांशी संबंध नाही. पण टाटांची नॅनो आणि वाळूजला बनणारी बजाजची रिक्षा, दोन्हींचं इंजिन मागेच आहे.

इथली दुसरी बाजूही सांगायला हवी. १९३७ मध्ये पोर्श नाझी पक्षाचे सदस्य झाले. गाडीसाठी सव्वातीन लाखांहून जास्त लोकांनी दर आठवड्याला ५ मार्कांची तिकिटं चिकटवून पैसे भरले. युद्ध सुरू झालं, कारखाना लष्करी कामाला लागला आणि त्यातल्या एकालाही गाडी मिळाली नाही. त्या कारखान्यात सुमारे २० हजार माणसांना जबरदस्तीने राबवलं गेलं. त्यात छळछावण्यांतले कैदीही होते. कारखान्याच्या कारभारात पोर्श वरच्या जागी होते. हातात कला होती, पण ती कुणासाठी वापरतोय हे त्यांनी पाहिलं नाही.

डिसेंबर १९४५ मध्ये फ्रान्सने त्यांना अटक केली. वीस महिने तुरुंगात काढून ऑगस्ट १९४७ मध्ये सुटले तेव्हा वय ७१, तब्येत खचलेली.

मुलाने लावलेलं रोप

या काळात ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावात त्यांचा मुलगा फेरी कामाला लागला होता. जून १९४८ मध्ये पोर्श नावाची पहिली गाडी रस्त्यावर आली. दोन सीट, फोक्सवॅगनचंच इंजिन, ताकद जेमतेम ३५ हॉर्सपॉवर. म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम ट्रॅक्टरएवढी. पण सगळ्या गाडीचं वजन सहा क्विंटलच्या आत, आणि इंजिन मधोमध. त्यामुळे थोड्या ताकदीतही गाडी चपळ होती.

विकायची गाडी करताना मात्र तोच प्रश्न आला. सामान कुठं ठेवायचं, मागची छोटी सीट कुठं बसवायची? इंजिन पुन्हा मागच्या चाकांच्या पलीकडे गेलं. तिथून या गाडीला एक खोड लागली. वेगात वळणावर शिरल्यावर चालकाने घाबरून एकदम एक्सलेटर सोडला की भार पुढं सरकतो, मागची चाकं हलकी होतात आणि जड शेपूट बाहेर फिरतं. उलट वळणाआधीच वेग कमी केला, वळणात एक्सलेटर हळूहळू दिला, तर तीच जड शेपूट चाकांना रस्त्यावर दाबून धरते आणि गाडी बाणासारखी निघते. चालवणाऱ्याला शिकावं लागतं. शौकिनांना नेमकं हेच आवडलं.

पोर्श यांच्या मागे आलेल्या ९११ गाडीतही इंजिन मागेच राहिलं. साठच्या दशकात कंपनीने तिच्या पुढच्या बंपरमध्ये चक्क लोखंडी वजनं बसवली. नांगरताना ट्रॅक्टर पुढून उचलू नये म्हणून आपण पुढं प्लेटा लावतो, तोच उपाय. नंतर १९६८ मध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर ५७ मिलिमीटरने वाढवलं, तेव्हा गाडी बरीच शांत झाली. ही गाडी आजही निघते, इंजिन अजून मागेच. ज्यांना मधोमध इंजिन हवं त्यांच्यासाठी कंपनीने १९९६ मध्ये दोन सीटची बॉक्स्टर आणली.

३० जानेवारी १९५१ ला श्टुटगार्टमध्ये फर्डिनांड पोर्श यांचं निधन झालं. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांच्या नावाच्या छोट्या गाडीने फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात पहिला नंबर काढला. ते बघायला ते राहिले नाहीत. त्यांनी आखलेली लोकांची गाडी मात्र २००३ पर्यंत बनत राहिली, दोन कोटी दहा लाखांच्या वर. ज्यांनी आधी तिकिटं चिकटवली होती, त्यांना ती योजनेतून कधीच मिळाली नाही.