दहा, वीस, तीस... आणि केमेनी सर

दिवाळीच्या सुट्टीत जुना जालना भागातल्या आमच्या घरी माळा आवरत होते. जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात मोठ्या काकांची एक वही सापडली. पानं पिवळी पडलेली, आत शाईच्या पेनाने लिहिलेले बेसिकचे प्रोग्राम. प्रत्येक ओळीच्या आधी आकडा : १०, २०, ३०. मी काकांना विचारलं, १, २, ३ का नाही लिहिलं? काका म्हणाले, मध्ये काही सुचलं तर घुसवायला जागा नको का?

मला गंमत वाटली, कारण त्याच आठवड्यात मी लॅपटॉपवर इमॅक्स एडिटर आणि पायथनचं सेशन एकमेकांना जोडायच्या खटपटीत होते. तोपर्यंत माझी पद्धत आपल्या सगळ्यांसारखीच. एका खिडकीत लिहा, सेव्ह करा, दुसऱ्या खिडकीत जाऊन चालवा, एरर बघा, परत या. जोडणी झाल्यावर कंट्रोल-सी कंट्रोल-पी दाबलं की सेशन सुरू. हव्या त्या पाच ओळी निवडून कंट्रोल-सी कंट्रोल-आर दाबलं की तेवढ्याच चालू सेशनमध्ये जातात आणि खालच्या खिडकीत लगेच उत्तर येतं. पूर्ण फाईल पाठवायची तर कंट्रोल-सी कंट्रोल-सी. पहिल्या वर्षी मी एररला इतकी घाबरायचे, की लॅब मॅन्युअलच्या बाहेरची एक ओळही लिहीत नसे. लगेच उत्तर मिळायला लागलं तशी ती भीती कमी झाली.

काकांच्या वहीतल्या आकड्यांमागेही हीच कल्पना होती. ती सामान्य विद्यार्थ्यांपर्यंत नेणारा माणूस म्हणजे जॉन केमेनी.

केमेनींचा जन्म १९२६ सालचा, बुडापेस्टमधल्या ज्यू कुटुंबातला. हिटलरची सावली वाढायला लागली तेव्हा वडील आधी एकटे अमेरिकेला गेले आणि १९४० मध्ये त्यांनी घरच्यांना बोलावून घेतलं. आजोबांनी देश सोडायला नकार दिला. ते वाचले नाहीत. मुलगा न्यूयॉर्कच्या शाळेत नवी भाषा शिकत शिकत वर्गात पहिला आला. प्रिन्स्टनला गणित शिकत असतानाच लष्कराने त्याला लॉस अलामॉसला पाठवलं. अणुबाँबच्या प्रकल्पात पंचकार्डांच्या यंत्रांवर आकडेमोड चालायची, तिथे रिचर्ड फाइनमन त्याचे वरिष्ठ होते. पुढे पीएच.डी. करताना केमेनी आइन्स्टाइन यांचे गणितातले मदतनीस झाले. पीएच.डी. मिळाली १९४९ मध्ये, वय अवघं तेवीस!

१९५३ मध्ये ते डार्टमथ कॉलेजात आले. हॅनोव्हर हे नदीकाठचं लहानसं गाव. कॉलेजात कॉम्प्युटर नव्हता. त्यांचे सहकारी थॉमस कर्ट्झ कार्डांची पेटी घेऊन रेल्वेने बोस्टनला, एमआयटीला जायचे. एखादा स्वल्पविराम चुकला तर अख्खी फेरी वाया. कार्डं द्यायची आणि वाट बघायची, अशीच तेव्हा सगळीकडे रीत होती. आपल्याकडेही मुंबईच्या टीआयएफआरमध्ये १९६४ साली सीडीसी ३६०० आला, तोही कार्डांवरच चालायचा.

केमेनींचं म्हणणं असं की कॉम्प्युटर ग्रंथालयासारखा हवा. कुणीही यावं, बसावं, कशासाठी ते विचारू नये. एमआयटीच्या जॉन मॅकार्थी यांनी कर्ट्झना टाइम-शेअरिंग सुचवलं होतं, म्हणजे एकच यंत्र थोडा थोडा वेळ अनेकांना वाटून देणं. दोघांनी ते मनावर घेतलं. भाषेचा कंपायलर केमेनींनी लिहायला घेतला, यंत्रणेचा मोठा भाग पदवीच्या विद्यार्थ्यांनी लिहिला. आपल्याच वयाची मुलं! १ मे १९६४ ला पहाटे चारच्या सुमारास पहिले बेसिक प्रोग्राम चालले.

यंत्राशी बोलायला सुरुवात करायची ती हॅलो टाइप करून आणि निरोप घ्यायचा गुडबाय म्हणून. आकडा लावून ओळ लिहिली की ती प्रोग्राममध्ये जाऊन बसायची. तोच आकडा पुन्हा लिहिला की जुनी ओळ बदलायची. नुसता आकडा लिहिला की ओळ गायब. आकडा न लावता रन लिहिलं की प्रोग्राम चालायचा. म्हणजे एडिटर आणि सेशन वेगळे नव्हतेच, एकाच टेलिटाइपवर दोन्ही.

आता माझी फजिती सांगते. सुट्टीनंतर सबमिशनला माझा प्रोग्राम सगळ्यांसमोर पडला. खोलीत तर छान चालत होता! झालं असं की फाईलमध्ये मी एका व्हेरिएबलचं नाव बदललं होतं, पण एका ठिकाणी जुनंच राहिलं. माझ्या सेशनमध्ये ते जुनं नाव अजून जिवंत होतं, म्हणून एरर आली नाही. नवं सेशन उघडल्याबरोबर पितळ उघडं पडलं. केमेनींच्या यंत्रणेत रन म्हटलं की दर वेळी अख्खा प्रोग्राम नव्याने कंपाइल व्हायचा. समोर जे लिहिलंय तेच चालायचं.

हा फरक किती महाग पडू शकतो ते केमेनींनीच पुढे जगाला दाखवलं. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला. चौकशी आयोगाचे अध्यक्ष म्हणून राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी केमेनींना नेमलं. एक झडप उघडी अडकली होती, पण पॅनेलवरचा दिवा झडपेची खरी स्थिती नाही, फक्त तिला गेलेला हुकूम दाखवत होता. ऑपरेटरना वाटलं, झडप बंद आहे. शेकडो धोक्याच्या सूचना एकदम आल्या आणि त्या छापणारा प्रिंटर तासाहून जास्त मागे पडला. आयोगाने नुसत्या ऑपरेटरवर खापर फोडलं नाही. प्रशिक्षण, नियंत्रण कक्षाची रचना आणि एकूण मानसिकता, सगळ्यावर बोट ठेवलं.

तेव्हा केमेनी डार्टमथचे अध्यक्ष होते (१९७० ते १९८१). त्यांच्याच काळात, १९७२ पासून, तिथे पदवीला मुलींना रीतसर प्रवेश मिळाला. अध्यक्षपदावर असतानाही त्यांनी वर्गात शिकवणं सोडलं नाही. २६ डिसेंबर १९९२ ला ते गेले. कर्ट्झही २०२४ मध्ये गेले.

मित्र-मैत्रिणींनो, एडिटर आणि सेशन जरूर जोडा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि भीती खरंच जाते. फक्त सबमिशनच्या आदल्या रात्री एकदा सेशन बंद करा, नवं उघडा आणि पूर्ण फाईल पहिल्यापासून चालवा. काकांची वही आता माझ्या होस्टेलच्या टेबलावर असते. कुणाला बघायची असेल तर या.