नहपान : ज्याच्या चांदीवर दुसऱ्याचा ठसा बसला

पांढुर्णा/सौंसर : गुढीपाडव्याला पंचांग उघडलं की पहिल्या पानावर शालिवाहन शके लिहिलेलं दिसतं. शालिवाहन आपल्या ओळखीचा. पण ज्या शकांचं नाव त्या कालगणनेला चिकटलं, त्यांच्यातला सर्वात श्रीमंत राजा नहपान मात्र आपल्या भागात फारसा कुणाला माहीत नाही.

शक म्हणजे मध्य आशियातले घोडेस्वार. ग्रीक त्यांना सिथियन म्हणत. तिथून सरकत सरकत ते सिंध, गुजरात, माळव्यापर्यंत आले. त्यांच्यातल्या क्षहरात घराण्यात भूमकानंतर नहपान गादीवर आला. आधी क्षत्रप, पुढे महाक्षत्रप. म्हणजे पदवी सुभेदाराची, पण थाट राजाचा. त्याच्या नाण्यांवर चेहरा आहे आणि नाव ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी अशा तीन लिप्यांत.

त्याची खरी ताकद भडोच बंदरात होती. पैठण आणि तेरचा माल, म्हणजे दगडी मणी, जाडंभरडं कापड, मलमल, बैलगाड्यांनी तिथे जायचा. पैठणहून भडोच वीस दिवसांची वाट. त्या काळच्या एका ग्रीक व्यापारी पुस्तकात राजासाठी येणाऱ्या मालाची यादीच आहे : चांदीची भांडी, उंची दारू, गाणारी पोरं, सुंदर मुली. सातवाहनांच्या कल्याण बंदरात चुकून ग्रीक जहाज शिरलंच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेत. आजच्या भाषेत सांगायचं तर नाकेबंदी.

घाटावरचा कारभार जावई उषवदात पाहायचा. नहपानाची मुलगी दक्षमित्रा त्याची बायको. नाशिकच्या पांडवलेणीत उषवदाताचा लेख आहे आणि कॉमर्सवाल्याला तो वाचताना मजा येते. त्याने 3,000 कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यातले 2,000 महिना शेकडा एक दराने. म्हणजे वर्षाचं व्याज 240. लेण्यात वर्षावासाला राहणारे भिक्षू वीस, प्रत्येकाला कपड्यासाठी बारा. हिशेब पैशापर्यंत जुळतो! मुद्दलाला हात लावायचा नाही, हेही लिहून ठेवलंय. याच जावयाने नद्यांवर फुकट नावा चालवल्या, घाट बांधले, तीन लाख गाई दान दिल्या, असं तोच सांगतो. गाईंचा आकडा मला जरा फुगवलेला वाटतो.

जुन्नरला नहपानाचा अमात्य अयम याचा लेख 46 व्या वर्षाचा. त्यानंतर नहपानाचं नाव येत नाही.

कारण गौतमीपुत्र सातकर्णी. त्याने क्षहरात घराणं मुळासकट उपटलं, हे त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नाशिकलाच कोरून ठेवलंय. तिच्या यादीत सुराष्ट्र, अपरान्त, अवंती आहेत आणि विदर्भही आहे. विदर्भाशी शकांचा संबंध होता, याची खूण आपल्यापासून फार लांब नाही. भंडारा जिल्ह्यात पवनीला रुपिअम्म नावाच्या महाक्षत्रप कुमाराचा स्मृतिस्तंभ सापडला आहे.

सत्तापालट कसा दिसतो, तर सातबारा बदलावा तसा. आपल्या 18 व्या वर्षी सातकर्णीने गोवर्धनच्या अमात्याला हुकूम धाडला : उषवदाताच्या ताब्यात असलेलं दोनशे निवर्तनं शेत भिक्षूंना द्या. सहा वर्षांनी दुसरा हुकूम. ते गाव ओस पडलं होतं, शेत कुणी कसत नव्हतं, म्हणून बदल्यात दुसरी जमीन.

जैन ग्रंथांत एक कथा येते. शालिवाहनाकडे फौज होती, नहपानाकडे खजिना. वेढे घालूनही भडोच पडेना. तेव्हा शालिवाहनाचा मंत्री, राजाने हाकलल्याचं सोंग करून, नहपानाकडे गेला आणि त्याला देवळं, तळी, दानधर्म करायला लावत राहिला. तिजोरी रिकामी झाली, सैनिकांना द्यायला काही उरलं नाही आणि शहर पडलं. कथा कथाच, पण जावयाच्या दानांची यादी वाचल्यावर ती सुचली कशी, ते कळतं.

1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा मारलेला. नाणी वितळवली नाहीत, नवीन पाडली नाहीत. नहपानाच्याच चेहऱ्यावर शिक्का मारला आणि पुन्हा बाजारात सोडली. काही नाण्यांवर त्या ठशाखालून म्हाताऱ्या राजाचं नाक अजून दिसतं.