पिवळी पानं उजळवणारा माणूस

पानगळीतलं झाड एकदम उजळ, स्वप्नातल्यासारखं दिसावं म्हणून तुम्ही ब्राइटनेसचा स्लायडर उजवीकडे ढकलता आणि आकाशासोबत पानंही गायब! असं झालंय ना? वर कुणीतरी टोमणा मारतंच, की खरं झाड असं कुठे असतं, हे सगळं एडिटिंग. अशा वेळी अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सला आठवा.

१९०२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तो जन्मला. चार वर्षांचा असताना भूकंपाच्या धक्क्यात बागेच्या भिंतीवर आपटला, नाक मोडलं, ते वाकडंच राहिलं. शाळेत एका जागी बसवेना, म्हणून वडिलांनी घरीच शिकवलं. व्हायचं होतं पियानोवादक. पण १९१६ मध्ये योसेमिटीच्या सहलीत हातात साधा ब्राउनी कॅमेरा आला आणि पुढचं सगळंच बदललं.

१९२७ मध्ये तिथल्याच हाफ डोम कड्यासमोर त्याने पिवळा फिल्टर लावून फोटो घेतला. घेतल्यावर जाणवलं, आकाश फिकं येणार. शेवटची प्लेट उरली होती. लाल फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळं आलं. डोळ्यांना तसं दिसत नव्हतं, पण त्याला कडा तसाच वाटला होता.

आता १९५८. न्यू मेक्सिकोचे डोंगर, शरद ऋतू, पिवळी झालेली अ‍ॅस्पेनची झाडं. सावलीत उभी, थेट ऊन नाहीच. अ‍ॅडम्सने गडद पिवळा फिल्टर लावला. पिवळा प्रकाश आत येतो, सावलीतला निळसर प्रकाश अडतो. कृष्णधवल फोटोत पानं अशी चमकली, की ती उन्हातलीच आहेत असं बहुतेकांना वाटतं. हा काही हाय-की फोटो नव्हे, मागचं जंगल काळोखंच आहे. पण युक्ती तुमच्या कामाची आहे. फोटो कृष्णधवल करा आणि फक्त पिवळ्या रंगाचा स्लायडर वाढवा. फिल्टरचं काम तोच करतो.

आणि पानं उडून जातात त्याचं काय? फ्रेड आर्चरसोबत त्याने ‘झोन सिस्टीम’ बसवली. ठार काळ्यापासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे झोन. पाचवा म्हणजे मधला राखाडी. आठव्यापर्यंत पोत कसाबसा टिकतो, त्यापुढे नुसता पांढरा कागद. म्हणजे हाय-की करताना आकाश खुशाल नऊ-दहावर जाऊ द्या, पानं मात्र सात-आठवर थांबवा. खोड, फांद्या थोड्या गडद ठेवा, नाहीतर झाड उभंच राहत नाही.

हे सगळं तो डार्करूममध्ये तासन्‌तास करायचा. प्रिंट करताना पुठ्ठ्याचा तुकडा धरून एखाद्या भागावरचा प्रकाश अडवायचा, तो भाग उजळ. दुसऱ्यावर जास्त पाडायचा, तो गडद. एकाच निगेटिव्हचे त्याचे वेगवेगळ्या वर्षांतले प्रिंट वेगळे दिसतात.

१९८४ मध्ये तो गेला. त्याआधी इलेक्ट्रॉनिक प्रतिमांच्या तंत्राबद्दल त्याने मोठ्या उत्सुकतेनं लिहिलं होतं. फोटोशॉप आलं १९९० मध्ये. त्यातली ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही टूल्स उघडून बघा. एकाच्या चिन्हात काडीला लावलेली चकती आहे, दुसऱ्याच्या चिन्हात प्रकाशापुढे धरलेला हात.