बाळू पालवणकर

कोकणात आडनावावरून माणसाचे गाव कळते. बांद्याचा तो बांदेकर, कुडाळचा तो कुडाळकर. याच रीतीने पालवण या कोकणातील गावावरून एका घराण्यास पालवणकर हे नाव मिळाले. त्या घराण्यात १८७६ साली बाळूंचा जन्म झाला. वडील लष्करात नोकरीस असल्यामुळे जन्म धारवाडास झाला आणि बालपण पुण्यास गेले. घराणे चांभार जातीचे. त्या काळी या जातीच्या माणसांचा स्पर्शही विटाळ मानीत.

घरी गरिबी होती. पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट मैदानावर झाडलोट करण्याचे व खेळपट्टीवर रूळ फिरविण्याचे काम बाळूंनी धरले. पगार दरमहा ३ रुपये. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे ४ रुपये मिळू लागले. क्लबातील ग्रेग नावाचे साहेब नामांकित फलंदाज होते. ते बाळूंच्या गोलंदाजीवर तासन्‌ तास सराव करीत आणि बाद झाले की दर वेळी आठ आणे देत, असे सांगतात. बाळू डाव्या हाताने चेंडू टाकीत व तो हवा तसा वळवीत. त्यांच्या हाती बॅट मात्र त्या क्लबात कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान!

पुण्याच्या हिंदू संघास युरोपियनांना हरवावयाचे होते, म्हणून बाळूंना बोलावणे आले. मैदानावर सर्वजण एकच चेंडू हाताळीत. पण चहाची वेळ झाली की सारे आत बसून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताटही वेगळे असे. तासापूर्वी ज्याने सामना जिंकून दिला, त्याची ही वासलात!

बाळू पुढे मुंबईस गेले. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्यात दोन्ही डाव मिळून बाळूंनी ८ गडी बाद केले. हळूहळू मुंबईत ते इतर खेळाडूंच्या पंक्तीस बसू लागले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ गडी टिपले.

एवढा अनुभव असलेला दुसरा खेळाडू हिंदू संघात नव्हता. कोणत्या फलंदाजापुढे कोणता क्षेत्ररक्षक कोठे उभा करावा, हे त्यांच्याइतके कोणास उमगणार? तरीही कर्णधार निवडताना दरवर्षी त्यांना वगळण्यात येई. कारण उघड होते, पण ते कोणी बोलून दाखवीत नसे. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले. त्यांच्या सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतःच सांगितले की, हा मान ज्येष्ठ व अनुभवी अशा बाळूंना मिळावयास हवा होता. असे भर सभेत सांगावयास मोठे मन लागते.

बाळूंचे भाऊ शिवराम, गणपत व विठ्ठल हेही हिंदू संघातून खेळत. १९२० साली बाळूंना संघातूनच वगळले आणि कर्णधारपदासाठी त्यांच्या भावांचाही विचार झाला नाही. तेव्हा शिवराम व विठ्ठल यांनी खेळण्यास नकार दिला. आपला अपमान कशात आहे, हे त्यांनी जाहीरपणे मांडले. आडदांडपणा केला नाही, की गयावया केली नाही. अस्पृश्यता नाहीशी व्हावी अशी हाक त्या सुमारास देशभर उठली होती. अखेरीस निवड करणाऱ्यांना नमते घ्यावे लागले. भाऊ परत आले आणि बाळू उपकर्णधार झाले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले असता संघ बाळूंनी चालविला. त्या वेळी त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. अंतिम सामना युरोपियनांशी होता. विठ्ठलांनी शतक ठोकले आणि हिंदू संघ जिंकला. लोक मैदानात धावले व त्यांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून घेतले. खांदा देणाऱ्यांत उच्च मानलेल्या जातींचे लोक होते.

बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईस वारले. हिंदू संघाच्या कर्णधारांत पालवणकर हे नाव आहे, ते विठ्ठलांचे.