पोरक्या रमेची रमाई झाली

माता रमाईंचे चरित्र आम्ही बहुधा त्यागाच्या अंगाने सांगतो. त्यांच्या वाट्याला आलेल्या प्रेमाविषयी मात्र फारसे बोलत नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने ती उणीव भरून काढावीशी वाटते.

७ फेब्रुवारी १८९८ रोजी दापोलीजवळील वणंद गावी रमाबाईंचा जन्म झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपले; काका-मामांनी भावंडांना मुंबईस आणले. वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास, भायखळ्याचा बाजार उठल्यावर त्याच जागी, भीमरावांशी त्यांचा विवाह झाला.

पुढे भीमराव न्यूयॉर्क आणि लंडन येथे विद्यार्जन करीत असताना रमाबाईंनी मुंबईत हालअपेष्टा सोसून संसार सावरला. पाच अपत्यांपैकी चार दगावली. एकटे यशवंत उरले. आधी मायबाप गेले, मग पोटची लेकरे गेली. अशा जिवाने मायेची अपेक्षा कोणाकडून करावी?

धारवाडच्या वसतिगृहाची आठवण आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. रमाबाई तेथे हवापालटासाठी राहिल्या होत्या. एके दिवशी मुलांचा नेहमीचा गलबला ऐकू येईना. चौकशी करता कळले की अनुदान रखडले, धान्य संपले आणि मुले उपाशी आहेत. त्यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या. मुले पोटभर जेवली आणि त्यांना आई म्हणू लागली. चार लेकरे गमावलेल्या त्या माउलीला ही हाक अनपेक्षित होती. ती त्यांनी मागितलीही नव्हती.

२७ मे १९३५ रोजी राजगृहात त्यांचे निधन झाले. १९४० साली बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयीचा आपला ग्रंथ रामूच्या स्मृतीस अर्पण केला आणि हलाखीच्या, एकाकी दिवसांत तिने दिलेल्या साथीचे ऋण मानले. ते पान पाहण्यास त्या हयात नव्हत्या. पण त्यांच्यावर किती गाढ प्रेम होते, हे जगाला कळले.

दर जूनमध्ये आमच्या वसतिगृहात नवी मुले येतात. पहिल्या रात्री काही जण पांघरुणात तोंड लपवून रडतात. त्यांच्या उशाशी बसताना आम्हांस धारवाड आठवते. येथून बाहेर पडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका तरी पोरक्या मुलाला असेच जवळ करावे, हेच माता रमाईंना खरे अभिवादन ठरेल.