रुस्तम जल वकील

रुस्तम जल वकील (जन्म : १७ जुलै १९११, मृत्यू : २० नोव्हेंबर १९७४) हे मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ होते. सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीने उच्च रक्तदाब उतरतो, हे त्यांनी रुग्णांवरील पद्धतशीर चाचणीतून जगापुढे मांडले. भारतातील आधुनिक हृदयरोगशास्त्राच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

कारकीर्द

लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन वकील मुंबईस परतले व परळच्या केईएम रुग्णालयात काम करू लागले. उच्च रक्तदाबावर त्या काळी भरवशाचे औषध नव्हते. विश्रांती, अळणी आहार, गुंगीची औषधे आणि प्रसंगी मज्जातंतू छेदण्याची अवघड शस्त्रक्रिया एवढेच उपाय होते. उतारवयात रक्तदाब वाढणे स्वाभाविक असून तो उतरवू नये, असेही अनेक डॉक्टर मानीत.

सर्पगंधावरील संशोधन

निद्रानाश, उन्माद व सर्पदंश यांवर सर्पगंधा भारतात पूर्वापार वापरली जात असे. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या रक्तदाबावरील परिणामाची नोंद केली. त्याच वर्षी सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी मुळीतील काही अल्कलॉइडे वेगळी केली. तरीही परदेशात तिची दखल घेतली गेली नव्हती. वकील यांनी ५० रुग्णांना मुळीच्या गोळ्या देऊन रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथून हे औषध सर्वदूर पोहोचले. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी ते अमेरिकेत वापरले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे केले. मज्जातंतूंच्या टोकांतील नॉरएपिनेफ्रिनचा साठा रेसरपिनमुळे रिता होतो व लहान धमन्या सैलावतात.

संशोधनाचे महत्त्व

वयोमानानुसार महाधमनीतील लवचीक तंतू झिजतात, कोलॅजन वाढते व ती ताठर होते. दीर्घकाळ वाढलेला रक्तदाब ही प्रक्रिया वेगाने पुढे नेतो. ताठर धमनीतून नाडीची लहर अधिक वेगाने धावते. मान व जांघ येथील नाड्यांमधील हा वेग आज मोजता येतो. सेकंदाला १० मीटरहून अधिक वेग हृदयविकार व पक्षाघात यांच्या वाढलेल्या धोक्याचे लक्षण समजतात. वकील यांच्या काळी दंडाला बांधायच्या पट्ट्याने घेतलेला रक्तदाब हेच डॉक्टरांचे मुख्य माप होते. तो औषधाने उतरवल्यास रुग्णाचे हित होते का, हा प्रश्न पुढे एडवर्ड फ्राइस यांच्या अमेरिकेतील चाचणीने सोडवला. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत उपचार घेतलेल्यांना पक्षाघातासारखे गंभीर विकार बरेच कमी झाले. त्या उपचारातील तीन औषधांपैकी एक रेसरपिन होते.

जास्त मात्रेत रेसरपिनमुळे काही रुग्णांना खिन्नता येत असे. नवी औषधे आल्यावर त्याचा वापर घटला. मात्र रक्तदाब औषधाने आटोक्यात ठेवता येतो, हा विश्वास रुजवण्यात त्याचा मोठा वाटा होता.

लेखन व सन्मान

अस्पी गोलवाला यांच्यासह वकील यांनी लिहिलेले ‘फिजिकल डायग्नोसिस’ हे पाठ्यपुस्तक वैद्यकीय विद्यार्थ्यांत परिचित आहे. त्यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार व १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले.