निबंधमालेचे शाळामास्तर

निबंध हा शाळेतील मुलांना बहुधा पाठांतराचा विषय वाटतो. मार्गदर्शक पुस्तकातील चार परिच्छेद घोकावेत आणि परीक्षेत उतरवून काढावेत, एवढीच त्याची ओळख उरते. वास्तविक निबंध म्हणजे स्वतःचे मत कारणे देऊन मांडण्याची शिस्त. मराठी गद्याला ही शिस्त ज्यांनी लावली, ते विष्णुशास्त्री चिपळूणकर पेशाने शाळामास्तरच होते.

विष्णुशास्त्र्यांचा जन्म २० मे १८५० रोजी पुण्यात झाला. वडील कृष्णशास्त्री हे नामांकित विद्वान आणि ‘शालापत्रक’ या शिक्षणविषयक मासिकाचे संपादक. पुढे या मासिकाची जबाबदारी मुलाकडे आली आणि तेथेच विष्णुशास्त्र्यांची लेखणी घडली. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधु आणि दंडी या संस्कृत कवींवरील त्यांचे लेख त्यात प्रसिद्ध झाले. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे वडिलांनी आरंभिलेले भाषांतर त्यांनी पूर्ण केले. १८७२ साली बी. ए. झाल्यावर ते शिक्षक झाले. पुण्यात आणि नंतर रत्नागिरीस त्यांनी सरकारी शाळेत अध्यापन केले.

नोकरी सांभाळूनच जानेवारी १८७४ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. सात वर्षांत ८४ अंक निघाले आणि जवळजवळ सारा मजकूर एकहाती लिहिलेला होता. भाषापद्धती, लेखनशुद्धी, वाचन, इतिहास, लोकभ्रम असे नाना विषय त्यांनी हाताळले. मेकॉले आणि जॉन्सन या इंग्रज लेखकांचे संस्कार त्यांच्यावर होते, पण मांडणीत आपल्याकडील शास्त्रार्थाचे वळण होते. विषयाची व्याप्ती आधी ठरवायची, प्रतिपक्षाचे म्हणणे मांडायचे, मग एकेक मुद्दा घेऊन त्याचा समाचार घ्यायचा, इतिहासातील दाखले द्यायचे आणि शेवटी निष्कर्षावर यायचे. वाक्ये लांबलचक असली तरी त्यांतील विचाराचा धागा सुटत नसे. वर्गात निबंध शिकवणाऱ्याने फळ्यावर मांडावा असाच हा क्रम आहे.

मात्र या लेखणीची एक उणीव डोळ्यांआड करता येत नाही. जोतीराव फुले यांच्या लेखनावर विष्णुशास्त्र्यांनी निबंधमालेतून तिखट उपहासाचा मारा केला. फुले यांच्या भाषेतील आणि व्याकरणातील दोष त्यांनी हौसेने वेचले; परंतु शूद्रातिशूद्रांच्या ज्या दुःखातून ते लेखन आले होते, त्याची दखल घेतली नाही. प्रतिपक्षाची बाजू न्यायाने मांडण्याचा पहिला नियम येथे मोडला गेला. काळाने कौल दिला तो फुले यांच्या मुद्द्यांना. अशुद्धलेखनाखाली लाल रेघा ओढताना मूल काय सांगू पाहते आहे, हे वाचायचे राहून गेले तर शिक्षकाचीही तीच गत होते.

१८७९ साली विष्णुशास्त्र्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. जानेवारी १८८० मध्ये बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांच्या साथीने त्यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर पुढे त्यांना येऊन मिळाले. सरकारवर विसंबून न राहणारे शिक्षण मुलांना मिळावे, हा त्यामागचा हेतू. पाठोपाठ जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली. एकाच मंडळींनी शाळा आणि वर्तमानपत्र दोन्ही चालवावीत, हे सहेतुक होते. एकीकडे लिहू-वाचू शकणारी पिढी घडत होती, दुसरीकडे तिला विचार करायला लावणारा मजकूर सिद्ध होत होता.

१७ मार्च १८८२ रोजी, वयाची बत्तीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, विष्णुशास्त्र्यांचे निधन झाले. मराठी निबंधाची वाट मात्र पडली होती. आगरकरांनी त्याच वाटेने जाऊन विष्णुशास्त्र्यांहून निराळी, सुधारणेची बाजू मांडली. पद्धत शिकवावी, मत ज्याचे त्याने बनवावे. निबंधाच्या तासाला मुलांना याहून अधिक काही द्यायचे नसते.